ट्रायलमध्ये भाग घेण्याआधी: रुग्ण आणि घरची माणसं वारंवार विचारतात ते प्रश्न

नवं औषध, नवी लस किंवा नव्या शस्त्रक्रियेच्या ट्रायलमध्ये संमतीपत्रावर सही होण्याआधी मी रुग्णासमोर बसते. कागद वाचून दाखवते, समजावते आणि शेवटी म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, तुमच्यासोबत काय काय होणार आहे?" त्यावर जी उत्तरं मिळतात, त्यांतूनच हे प्रश्न जमत गेले. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे कायद्याची कलमं इथे दिलेली नाहीत. जे सगळीकडे सारखं असतं तेवढंच लिहिलं आहे.

ट्रायल म्हणजे नव्या पद्धतीचा उपचारच ना?

नाही. या पानावरचा एकच प्रश्न वाचायला वेळ असेल तर हाच वाचा.

उपचार आणि संशोधन बाहेरून अगदी सारखे दिसतात. तोच वॉर्ड, तेच डॉक्टर, तीच सलाईनची बाटली. पण उपचार करताना डॉक्टरांच्या मनात एकच विचार असतो, की समोरच्या माणसाला आराम कसा पडेल. ट्रायल वेगळ्याच प्रश्नांची उत्तरं शोधत असते. हे औषध शरीराला किती सोसतं? आजारावर चालतं का? आधीच्या औषधापेक्षा सरस आहे का? ही उत्तरं मुख्यतः पुढच्या रुग्णांच्या कामी येतात. तुम्हाला गुण आला तर सगळ्यांनाच आनंद होईल, पण ट्रायलची आखणी तुम्हाला गुण यावा म्हणून झालेली नसते.

रोजच्या व्यवहारात हा फरक जाणवतो. एरवी औषध सोसलं नाही तर डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात, थोडं थांबून पाहतात. ट्रायलमध्ये काय, किती आणि कधी द्यायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्याला प्रोटोकॉल म्हणतात आणि त्यातून डॉक्टरांना फारसं हलता येत नाही. तुम्हाला कोणता उपचार मिळणार हे बहुतेक वेळा संगणक ठरवतो, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं. काही रक्त तपासण्या, काही स्कॅन, कधी एखादी बायोप्सी (शरीराचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) फक्त संशोधनासाठी होते. तुमच्या उपचारासाठी ती लागलीच नसती.

१९८२ मध्ये पॉल अ‍ॅपलबॉम या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या गैरसमजाला नाव दिलं. मराठीत त्याला 'उपचाराचा भ्रम' म्हणता येईल. गट चिठ्ठीने ठरतात हे समजावून सांगितल्यावरही अनेक रुग्णांना वाटत होतं की डॉक्टरांनी आपली प्रकृती पाहूनच आपल्याला त्या गटात घातलं. हे अडाणीपणाचं लक्षण नव्हे. चांगले शिकलेसवरलेले लोकही माझ्यासमोर हेच बोलतात. आजारी माणूस डॉक्टरांकडे जातो तो बरं व्हायला. समोर डॉक्टर बसलेले असताना 'आत्ता हे संशोधक म्हणून बोलत आहेत' हे मनात ठेवणं कुणालाही जड जातं.

पण आमच्या डॉक्टरांनीच सुचवलंय. फायदा असल्याशिवाय ते सुचवतील का?

चांगला डॉक्टर ट्रायल सुचवतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की दोन पर्यायांपैकी कोणता सरस हे वैद्यकातल्या जाणकारांनाच अजून ठरवता आलेलं नाही. ते खरोखर ठरलेलं असतं तर चिठ्ठीवर सोडणं अन्यायाचं झालं असतं. १९८७ मध्ये वैद्यकीय नीतिशास्त्राचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी ही अट नेमक्या शब्दांत मांडली. एकट्या डॉक्टराचा कल कुठेही असो, जाणकारांमध्ये प्रामाणिक मतभेद असला पाहिजे.

"नवं आहे म्हणजे जुन्यापेक्षा चांगलंच असणार" ही समजूत किती महागात पडू शकते, त्याचं एक उदाहरण मी नेहमी सांगते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मधूनमधून चुकतात. ते चुकणारे ठोके थांबवणारी औषधं १९८० च्या दशकात सर्रास दिली जात. औषध दिलं की ईसीजी सुधारायचा, आणि ईसीजी सुधारला म्हणजे जीव वाचतोय असं सगळे धरून चालले होते. मग कास्ट नावाची ट्रायल झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ जण दगावले. प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. १९८९ मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला. त्या ट्रायलमधल्या माणसांना 'खरं' औषध मिळावं असंच वाटलं असणार. चिठ्ठीत ज्यांना साधी गोळी आली, त्यांचं नशीब बलवत्तर होतं.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "ही ट्रायल नसती तर तुम्ही मला काय दिलं असतं?" उत्तर देताना ते अडखळले तर अडखळू द्या, पण उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. ट्रायलमध्ये रुग्ण आणण्याबद्दल त्यांना किंवा संस्थेला पैसे मिळतात का, हेही विचारता येतं. तो प्रश्न उद्धटपणाचा नाही.

पहिल्या टप्प्याची ट्रायल आहे. मला गुण यायची शक्यता किती?

सहसा थोडी. ही गोष्ट गुळमुळीत करून सांगणं मला पटत नाही.

पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न डोसचा असतो. थोड्या लोकांना अगदी कमी डोस देतात, त्यांना सोसला की पुढच्यांना जरा जास्त, असं चढत जातात. त्रास कुठे सुरू होतो ते पाहायचं असतं. म्हणजे तुम्ही सुरुवातीच्या काही जणांत असाल तर औषध इतकं कमी मिळेल की गुण येण्याचा प्रश्नच उद्भवू नये, आणि शेवटच्यांत असाल तर त्रास होण्याचा संभव जास्त. तुमचा क्रमांक कुठे आहे ते विचारा. दुसऱ्या टप्प्यात औषध चालतं का याचा अंदाज घेतात. तिसऱ्यात शेकडो किंवा हजारो लोकांवर प्रचलित उपचाराशी तुलना करतात. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच शेवटी मंजूर होतं.

कॅन्सरबद्दल मोजलेले आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेत १९९१ ते २००२ या काळात झालेल्या पहिल्या टप्प्याच्या ४६० ट्रायल एकत्र करून पाहिल्या, तेव्हा १०.६ टक्के रुग्णांत गाठ ठरावीक प्रमाणात लहान झाली किंवा नाहीशी झाली, आणि उपचाराच्याच परिणामाने सुमारे अर्धा टक्का रुग्ण दगावले. माणसात पहिल्यांदाच दिल्या जाणाऱ्या औषधांचं प्रमाण तर ५ टक्क्यांच्याही खाली होतं. गाठ लहान होणं म्हणजे बरं होणं नव्हे, हेही ध्यानात घ्या. संमतीपत्रात 'प्रतिसाद' हा शब्द आला की लोक त्याचा अर्थ 'आजार गेला' असा लावतात.

उलटी बाजूही खरी आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब पहिल्या टप्प्यात असतानाच, पुरेसा डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ रुग्णांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण पूर्वपदावर आलं. अशी गोष्ट क्वचित घडते, पण घडते, आणि प्रत्येक रुग्णाच्या कानावर कुणीतरी ती घातलेली असते.

म्हणजे आम्ही आशा धरायचीच नाही का?

धरा. हा प्रश्न बहुधा नवऱ्याचा किंवा मुलीचा असतो आणि तो विचारताना आवाज कापरा झालेला असतो. आशा काढून घेण्यासाठी संमतीची प्रक्रिया नसते.

फरक एवढाच की दहात एकाला गुण येईल हे माहीत असताना "तो एक मी असेन" असं मनाशी म्हणणं ही आशा आहे. दहापैकी नऊ जणांना गुण येईल असं समजून सही करणं हा गैरसमज आहे, आणि तो दूर करणं माझं काम. पहिल्या माणसाला औषध लागू पडलं नाही तर तो दुःखी होतो. दुसऱ्याला आपण फसवले गेलो असं वाटतं, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. खरं कळलं असतं तर उरलेले महिने त्याने दुसऱ्या रीतीने घालवले असते. घरी, वेदना कमी करणाऱ्या उपचारांवर, आपल्या माणसांत. ती निवड त्याच्यापुढे कुणी ठेवलीच नव्हती. म्हणून ट्रायलला बसवायच्या आधी "काहीच न करणं" आणि "फक्त त्रास कमी करणं" हे दोन पर्यायही मोकळेपणाने बोलले गेले पाहिजेत, असं मी आग्रहाने म्हणते.

काही जण सगळं समजून म्हणतात, "मला नाही तर माझ्यामागून येणाऱ्याला उपयोग होईल." अशा माणसांसमोर बसलं की मी हळूच पेन खाली ठेवते आणि थोडा वेळ काही बोलत नाही.

मला प्लासिबो मिळाला तर? आजार तसाच वाढू देणार का?

गंभीर आजारावर गुणकारी ठरलेला उपचार असताना तो काढून घेऊन नुसता प्लासिबो देणं, हे हेलसिंकी जाहीरनाम्याच्या, म्हणजे माणसांवरच्या संशोधनासाठी जागतिक वैद्यकीय संघटनेने घालून दिलेल्या, तत्त्वांत बसत नाही. म्हणून बहुतेक ट्रायलमध्ये सगळ्यांना प्रचलित उपचार मिळतोच. वरून एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी गोळी देतात. कोणाला काय मिळतंय हे तुम्हालाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही, पण तातडीची वेळ आली तर ते उघडून पाहायची सोय ठेवलेली असते. तुमच्या ट्रायलमध्ये नेमकं काय आहे ते संमतीपत्रात शोधा. 'प्रचलित उपचारासोबत' हे शब्द दिसले नाहीत तर विचारा.

इथे इतिहासातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल प्रसिद्ध झाली. चिठ्ठी पद्धतीने गट पाडणाऱ्या आधुनिक ट्रायलची सुरुवात तिथून मानतात. ५५ रुग्णांना औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ आणि दुसऱ्यातले १४ दगावले. औषध चालतं हे सिद्ध झालं आणि पुढे असंख्य जीव वाचले. पण विश्रांतीच्या गटातल्या रुग्णांना आपण ट्रायलमध्ये आहोत हे सांगितलेलंच नव्हतं. विज्ञान चोख होतं, आणि रुग्णाला विचारायचं असतं हे त्यात कुणाला सुचलं नव्हतं.

मग विचारायचा नियम आला कधी?

माणसं मेल्यावर आला. नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग केले. त्यांच्यावर चाललेल्या खटल्याच्या निकालात १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता लिहिली गेली. तिचं पहिलंच वाक्य सांगतं, की माणसाची स्वेच्छेची संमती अत्यावश्यक आहे. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने हेलसिंकी जाहीरनामा काढला आणि तेव्हापासून तो अनेकदा सुधारला.

तरीही अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता आजार कसा वाढतो ते पाहत राहिले. त्यांना सांगितलं होतं की तुमच्या 'खराब रक्ता'वर इलाज चालू आहे. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, तेही त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही. त्या माणसांना ते उपचारच वाटत होते. पहिल्या प्रश्नात मी ज्या भ्रमाबद्दल लिहिलं, तो तिथे मुद्दाम पोसला गेला. त्यातून अमेरिकेत कायदा झाला आणि संशोधनात माणसांना कसं वागवावं याची तत्त्वं सांगणारा १९७९ चा बेल्मॉन्ट अहवाल आला. संमतीपत्राची एवढी पानं का, असं वाटलं की मला ही माणसं आठवतात.

वीस पानी संमतीपत्र कोण वाचणार? सही करून टाकली तर?

करू नका. घरी न्या. दोन दिवस ठेवा. "आजच सही हवी" असं कुणी म्हटलं आणि तुमची स्थिती तातडीची नसेल, तर मी तिथेच सावध होईन.

सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आधी तीन गोष्टी शोधा. या ट्रायलबाहेर तुमच्यासाठी कोणते पर्याय आहेत. आजवर किती माणसांना हे औषध दिलं आणि त्यांचं काय झालं. इजा झाली तर खर्च कोण करणार. मग घरातल्या कुणाला तरी आपल्या शब्दांत सगळं सांगून पाहा. जिथे अडाल तिथे तुम्हाला समजलेलं नाही, किंवा लिहिणाऱ्याने नीट लिहिलेलं नाही. दुसरं जास्त वेळा घडतं. कठीण मजकूर हा लिहिणाऱ्याचा दोष आहे. "मला कळलं नाही" म्हणताना लाजू नका, आणि कागद तुमच्या भाषेत नसेल तर तुमच्या भाषेतला मागा.

सही झाली की संमती संपली, असंही नसतं. मधेच नवा धोका उघड झाला तर तुम्हाला तो कळवून पुन्हा विचारलं पाहिजे.

नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील? आणि मधेच सोडलं तर?

नकार द्यायला कारण द्यावं लागत नाही आणि त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार अडता कामा नये. बाहेर कधीही पडता येतं. फक्त एकदम गोळ्या बंद करू नका. काही औषधं हळूहळूच थांबवावी लागतात, आणि बाहेर पडतानाची शेवटची तपासणी तुमच्याच भल्यासाठी असते. तोवर जमा झालेली माहिती बहुधा अभ्यासात राहते. रक्ताचे किंवा गाठीचे नमुने परत मागता किंवा नष्ट करायला सांगता येतात का, ते आधीच विचारून ठेवा.

धोका खरंच किती असतो?

बहुतेक ट्रायल काही अघटित न घडता पार पडतात. पण दोन प्रसंग माहीत असावेत.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जीन थेरपीच्या, म्हणजे जनुकांद्वारे करायच्या उपचाराच्या, ट्रायलमध्ये १८ वर्षांचा एक तरुण इंजेक्शननंतर चार दिवसांत गेला. त्याला यकृताचा जन्मजात विकार होता, पण पथ्य आणि औषधांनी तो आटोक्यात होता. लहान बाळांना याचा उपयोग व्हावा म्हणून तो पुढे आला होता. त्याच्या हाती दिलेल्या संमतीपत्रात हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, की अशाच उपचारात माकडं दगावली होती. ट्रायलच्या प्रमुखाचे त्या तंत्राशी संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंधही होते.

२००६ मध्ये लंडनला टीजीएन १४१२ नावाचं औषध माणसात पहिल्यांदा दिलं गेलं. सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने ते टोचलं आणि थोड्याच वेळात सहाही जण अत्यवस्थ झाले. सगळे वाचले. त्यानंतर अशा ट्रायलमध्ये आधी एकालाच औषध देऊन वाट पाहण्याची पद्धत रूढ झाली. तुमची ट्रायल अशी पहिलीच असेल तर "माझ्याआधी कुणाला दिलंय, आणि त्याला किती दिवस झाले?" हे विचारा.

आईला कॅन्सर आहे हे आम्ही तिला सांगितलेलं नाही. मी सही केली तर चालेल का?

नाही चालणार. तुम्ही हे मायेपोटी करता हे मला दिसतं. पण ज्या आजाराचं नावही माहीत नाही, त्यावरच्या प्रयोगाला होकार कसा देणार? सुया तिला टोचल्या जाणार आहेत, उलट्या तिला होणार आहेत. शुद्धीत असलेल्या, कळत्या माणसाच्या जागी दुसऱ्याची सही चालत नाही, मग ते पोटचं लेकरू का असेना.

माझा अनुभव असा, की रुग्णाला बहुतेक वेळा अंदाज आलेला असतो आणि तोही घरच्यांना दुखावू नये म्हणून गप्प असतो. आधी डॉक्टरांच्या मदतीने आईशी आजाराबद्दल मोकळेपणाने बोला. ट्रायलचं नंतर पाहू. माणूस बेशुद्ध असेल किंवा स्मृतिभ्रंशामुळे समजण्याच्या पलीकडे असेल, तरच जवळचा नातेवाईक निर्णय घेतो, आणि तोही "मला काय वाटतं" यापेक्षा "त्यांनी स्वतः काय ठरवलं असतं" असा विचार करून. मुलांच्या बाबतीत आईवडिलांची परवानगी लागते, पण कळत्या वयाच्या मुलालाही विचारतात. सात-आठ वर्षांचं मूल सुईला नाही म्हणत असेल, तर त्याचं म्हणणं मोजायचं असतं.

एका ठिकाणी नवा उपचार मोठी रक्कम घेऊन देतात. ती ट्रायलच आहे म्हणतात.

सावध राहा. खऱ्या ट्रायलमध्ये प्रयोगातल्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. ट्रायलचा नोंदणी क्रमांक, नैतिकता समितीची (ट्रायल योग्य आहे का हे आधी तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आणि लिखित प्रोटोकॉल मागा. स्टेम सेलच्या नावाखाली गुडघ्यांपासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर एकच इंजेक्शन देणारे लोक 'प्रायोगिक' हा शब्द जाहिरातीसारखा वापरतात. तिथे कुणी निकाल मोजत नाही, त्यामुळे तुमच्या त्रासातून पुढच्या माणसाला काही कळतही नाही. गंभीर आजारात बाकी उपाय संपल्यावर, ट्रायलबाहेर मंजुरीपूर्व औषध मिळवण्याची अधिकृत वाट अनेक देशांत आहे. ती डॉक्टरांमार्फतच जाते.

ट्रायल संपल्यावर औषध चालू राहील का? निकाल कोण सांगणार?

औषध चालू राहीलच असं नाही. ज्यांना गुण आला त्यांच्यासाठी पुढची सोय आधीच ठरवावी असं हेलसिंकी जाहीरनामा सांगतो, पण ती प्रत्यक्षात केली आहे का हे तुमच्या संमतीपत्रात पाहायला हवं. लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी लिहून मागा. गुण आल्यावर औषध थांबलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निकाल कळवायला मात्र कुणाची हरकत नसावी. औषध चाललं की नाही, मला गोळी कोणती मिळाली होती, हे जाणून घ्यायचा तुमचा हक्क आहे. निकाल यायला काही वर्षं लागतात, तोवर ट्रायलचे कर्मचारी बदलतात, तुमचा फोन नंबर बदलतो. शेवटच्या भेटीत पत्ता लिहून द्या आणि निकाल लागल्यावर कळवा असं सांगून या. रुग्ण हयात नसेल तर घरच्यांनीही विचारावं. आईला नेमकं कोणतं औषध दिलं होतं, असं विचारायला एक मुलगा तीन वर्षांनी आला होता. आम्ही फाइल काढली आणि त्याला सांगितलं.